यंत्राचे वय आणि मीटरची लबाडी

बाजारात बैल घेण्यास गेलेला शेतकरी विकणाऱ्याच्या तोंडाकडे फारसा पाहत नाही. तो बैलाच्या तोंडाकडे पाहतो. जबडा उघडून दात मोजतो आणि जनावर अदंत आहे, दोन दाती आहे, चार दाती आहे की जुळलेले आहे, हे क्षणात सांगतो. शिंगांवरील वलयांवरूनही वयाचा अंदाज बांधता येतो. परंतु शिंगे साळून गुळगुळीत करता येतात हे त्याला ठाऊक असते, म्हणून तो दातांची साक्ष अधिक मानतो. विकणारा सांगेल ते ऐकून घ्यावे, पण वयाचा पुरावा मालातच शोधावा, हा आपल्याकडील जुना व्यवहारधर्म आहे. आज बैलांच्या जागी लोखंडी यंत्रे आली आहेत. त्यांनाही वय असते, आणि ते वय चोरून विकणारेही असतात. ही चोरी कशी होते व ती कशी ओळखावी, याची माहिती प्रस्तुत लेखात द्यावयाची आहे.

आपले सुरत शहर व त्याचा परिसर या यंत्रांना नवा नाही. तापी नदीवर काकरापारचा बंधारा झाला, पुढे १९७२ साली उकाई धरण पूर्ण झाले. आज तर शहरात जिकडे पाहावे तिकडे खोदकाम दिसते. सुमारे ४० किलोमीटर लांबीच्या दोन मार्गांच्या मेट्रो रेल्वेची कोनशिला जानेवारी २०२१ मध्ये बसविण्यात आली. मुंबई-अहमदाबाद जलदगती रेल्वेचे सुरतचे स्थानक अंत्रोळी येथे उभारण्यात आले आहे. खजोद येथील हिरेबाजाराच्या प्रचंड इमारतीचे उद्घाटन डिसेंबर २०२३ मध्ये झाले. रस्ते, गटारे, कारखाने आणि घरे यांची कामे तर बारमाही चालूच असतात. या प्रत्येक कामावर माती उकरणारी, उचलणारी व दाबणारी यंत्रे लागतात. उधना, लिंबायत या भागांत खानदेशातून पोटासाठी आलेली कितीतरी मराठी कुटुंबे राहतात. कोणी मागावर आहे, कोणी रंगाच्या कारखान्यात आहे, तर कोणी अशा यंत्रावर चालक आहे. त्यामुळे हा विषय आपल्या काही वाचकांच्या घरातलाच आहे.

या यंत्रांची नावेही मोठी गमतीची आहेत. पुढे मातीचे मोठे सूप आणि मागे खोदणारा हात असलेल्या चाकांच्या यंत्राला आपण सरसकट ‘जेसीबी’ म्हणतो. वस्तुतः ही जोसेफ सिरिल बॅमफर्ड या इंग्रज कारखानदाराच्या नावाची आद्याक्षरे होत. त्याने १९४५ साली आपला धंदा सुरू केला. साखळीपट्ट्यावर चालणाऱ्या खोदयंत्राला लोक ‘पोकलेन’ म्हणतात. तेही मूळचे एका फ्रेंच कंपनीचे नाव आहे. आता यंत्र कोणत्याही कंपनीचे असो, लोकांच्या तोंडी नाव तेच राहिले आहे.

अशा नव्या यंत्राची किंमत कित्येक लाख रुपये असते. लहान ठेकेदाराला किंवा स्वतःच्या मालकीचे यंत्र असावे अशी उमेद धरणाऱ्या चालकाला ती झेपत नाही. तो वापरलेले यंत्र शोधतो. गावाकडची थोडी जमीन, घरातले दागिने, पतपेढीचे कर्ज, असे सारे एकत्र करून तो सौदा करतो. त्या वेळी तो पहिला प्रश्न विचारतो तो हा, की यंत्र किती तास चालले आहे? या प्रश्नाचे उत्तर चालकाच्या समोरील फलकावरचा एक लहानसा आकडा देतो. त्यालाच अवर मीटर किंवा तासमापक म्हणतात.

येथे कोणी विचारील, की मोटारीप्रमाणे किलोमीटर का मोजू नयेत? कारण उघड आहे. मोटारीचे काम म्हणजे अंतर तोडणे. खोदयंत्र मात्र दिवसभर एका जागी उभे राहून हजारो घमेली माती उपसते. ते शंभर पावलेही हलत नाही, तरी त्याचे इंजिन, तेलाच्या दाबावर चालणारे पंप, सांध्यांतील पिना व बुश ही सर्व झिजत असतात. म्हणून त्याचे आयुष्य अंतरात न मोजता इंजिन चालू असलेल्या तासांत मोजतात. तेल केव्हा बदलावे, गाळण्या केव्हा बदलाव्यात, इंजिन केव्हा खोलावे, हे सर्व त्या तासांवर ठरते आणि विक्रीची किंमतही मुख्यतः त्यावरच ठरते.

वापर मोजण्याची कल्पना फार जुनी आहे. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातील व्हिट्रुव्हियस या रोमन स्थापत्यकाराने एका गाडीचे वर्णन करून ठेवले आहे. गाडीच्या चाकाला दातेरी चक्रे अशी जोडावयाची, की एक मैल अंतर कापले म्हणजे एक खडा खालच्या भांड्यात पडावा. मुक्कामाला पोहोचल्यावर खडे मोजले की मैल कळले. या योजनेत चाक खोटे बोलू शकत नाही. परंतु भांड्यातले चार खडे कोणी गुपचूप काढून घेतले तर? आजच्या मीटरची लबाडी म्हणजे हीच खडे काढून घेण्याची युक्ती होय. दोन हजार वर्षांत भांडे बदलले, हात तोच राहिला.

जुन्या तासमापकात दहा दहा आकडे कोरलेली लहान चाके एकाशेजारी एक बसविलेली असत. उजवीकडचे चाक एक पूर्ण फेरा फिरले की डावीकडचे एक घर पुढे सरके. काही जुन्या ट्रॅक्टरांवरील मीटर तर घड्याळाचे तास न मोजता इंजिनाचे फेरे मोजीत. इंजिन नेमून दिलेल्या वेगाने फिरले तरच त्यांचा एक तास खऱ्या एका तासाएवढा होई. पुढे विजेवर चालणारे मीटर आले. इंजिन सुरू होऊन तेलाचा दाब वाढला किंवा वीजनिर्मिती सुरू झाली, की त्यांतील घड्याळ चालू होते. अलीकडच्या यंत्रांत हा आकडा इंजिनाचे नियंत्रण करणाऱ्या छोट्या संगणकाच्या स्मृतीतही साठविला जातो.

लबाडीचे प्रकार स्थूलमानाने तीन आहेत. पहिला, मीटर मुद्दाम बंद ठेवून यंत्र चालविणे. म्हणजे काम होते, पण नोंद होत नाही. दुसरा, जुना मीटर काढून त्या जागी कमी आकड्याचा दुसरा बसविणे. मीटर खरोखरच बिघडला म्हणून बदलला असेल तर त्यात वावगे काही नाही. जुना आकडा व बदलाची तारीख लिहून ठेवून ती खरेदीदाराला सांगितली पाहिजे, एवढेच. ती लपविली की दुरुस्तीची लबाडी होते. तिसरा प्रकार, फलकावर दिसणारा आकडा संगणकाच्या साहाय्याने बदलणे. यात पेचही ढिला झालेला दिसत नाही, म्हणून तो अधिक फसवा.

यातील आणखी एक विलक्षण गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. ही यंत्रे तासावर भाड्यानेही दिली जातात. भाडे आकारताना अप्रामाणिक मालकाला मीटर पुढे पळावासा वाटतो. मग काम नसतानाही इंजिन नुसते चालू ठेवले जाते आणि डिझेल जाळून तास वाढविले जातात. तेच यंत्र विकण्याची वेळ आली, म्हणजे तोच मीटर मागे फिरावा अशी त्याची इच्छा असते. एकच आकडा, पण भाड्याच्या दिवशी तो मोठा हवा आणि विक्रीच्या दिवशी लहान हवा! मापाचा उपयोग सत्य कळण्यासाठी न करता सोयीसाठी केला, म्हणजे अशी दशा होते.

आता या खोट्या आकड्याने नुकसान किती होते, ते एका कल्पित उदाहरणाने पाहू. समजा, सहा वर्षे वयाच्या एका यंत्राचा मीटर ४,२०० तास दाखवितो. अशा यंत्राचे इंजिन साधारण १०,००० तासांनी खोलावे लागते असे धरू. खरेदीदार हिशेब करतो, की अजून ५,८०० तास शिल्लक आहेत. रोज ८ तासांप्रमाणे वर्षाचे २५० दिवस काम मिळाले, तर वर्षाला २,००० तास होतात. म्हणजे जवळजवळ तीन वर्षे मोठा खर्च नाही. या भरवशावर तो तीन वर्षांचे कर्ज काढतो. परंतु यंत्र प्रत्यक्षात ९,५०० तास चाललेले असेल, तर शिल्लक केवळ ५०० तास, म्हणजे कामाचे सुमारे ६२ दिवस उरतात. दोन-अडीच महिन्यांत इंजिन धूर ओकू लागते. यंत्र उभे राहते. हप्ता मात्र उभा राहत नाही, तो दर महिन्याला दारात येतोच. पाच आकड्यांच्या त्या लहानशा चौकटीतील खोटेपणामुळे मुलांच्या शिक्षणाचे पैसे, बहिणीच्या लग्नाची ठेव आणि गावाकडची जमीन ही सारी धोक्यात येतात.

पैशाच्या नुकसानीपेक्षाही मोठे संकट जिवाचे आहे. तेलाच्या प्रचंड दाबाखाली काम करणाऱ्या रबरी नळ्या, सांध्यांतील पिना, ब्रेक हे सर्व ठराविक तासांनंतर तपासावयाचे व बदलावयाचे असतात. आकडाच खोटा असेल तर नवा मालक ते वेळेवर बदलणार कसे? आठ फूट खोल चरात मजूर उभे आहेत, वरून यंत्राच्या हाताला लटकाविलेला सिमेंटचा नळ खाली येत आहे, आणि तेवढ्यात जीर्ण झालेली नळी फुटली, तर काय होईल याची कल्पनाच केलेली बरी. ज्याने आकडा बदलला तो त्या वेळी तेथे नसतो. चरात उभा असलेला मजूर मात्र तेथे असतो.

मग खरे वय ओळखावे कसे? येथे शेतकऱ्याची पद्धत उपयोगी पडते. प्रथम यंत्राचे ‘दात’ पाहावेत. कमी तासांच्या यंत्रावर पायाखालचे पेडल झिजून गुळगुळीत झालेले नसते, हाताच्या दांड्यांवरील नक्षी पुसलेली नसते, आसन फाटून त्यावर नवे आवरण चढविलेले नसते. खोदणारा हात थोडा उचलून डावीउजवीकडे हलविला आणि सांधे खडखडले, तर पिना-बुश झिजले असे समजावे. साखळीपट्ट्याच्या यंत्राचे रोलर व कड्या पाहाव्यात. नव्या रंगाला भुलू नये. रंग हे यंत्राचे साळलेले शिंग आहे. रंगाखाली जोडकामाच्या, म्हणजे वेल्डिंगच्या, खुणा आहेत का ते बोट फिरवून पाहावे. सकाळी थंड असताना इंजिन सुरू करावयास सांगावे. आधीच तापवून ठेवलेले इंजिन आपली खोकल्याची खोड लपविते.

दुसरी साक्ष कागदांची. चाकांच्या यंत्राच्या नोंदणीपत्रावर निर्मितीचा काळ दिलेला असतो आणि यंत्रावरील पट्टीवर त्याचा क्रमांक असतो. दोन्ही जुळतात का ते पाहावे. दुरुस्तीच्या पावत्यांवर पुष्कळदा त्या दिवशीचा मीटरचा आकडा लिहिलेला असतो. पावत्या तारखेप्रमाणे लावल्या असता आकडा सतत चढत गेला पाहिजे. मध्येच तो उतरला, तर मीटर बदलला किंवा फिरवला हे उघड आहे.

तिसरी साक्ष गणिताची, आणि ती शाळेतल्या मुलालाही देता येईल. मघाचेच उदाहरण घेऊ. समजा, इंजिनाचे तेल दर ५०० तासांनी बदलावयाचे आहे आणि तेलबदलाच्या १९ पावत्या सापडल्या. १९ गुणिले ५०० म्हणजे ९,५०० तास झाले. आता मालकाच्या वहीत एकूण ४५,००० लिटर डिझेलची नोंद आहे आणि यंत्र तासाला सरासरी ५ लिटर डिझेल खाते असे धरले, तर ९,००० तास येतात. दोन निरनिराळ्या वाटांनी आलेली उत्तरे एकमेकांच्या जवळ आहेत आणि मीटर मात्र ४,२०० सांगतो. दोन साक्षीदार एक बोलतात, तिसरा वेगळे बोलतो. खोटा कोण, हे सांगावयास न्यायाधीश नको. शिवाय सहा वर्षांत ४,२०० तास म्हणजे वर्षाला ७०० तास, अर्थात कामाच्या दिवसाला तीन तासांहूनही कमी. कर्जाचे हप्ते व चालकाचा पगार देणारा ठेकेदार आपले यंत्र एवढे रिकामे ठेवील काय? अर्थात केवळ आकडा लहान आहे म्हणून कोणास चोर म्हणू नये. एखाद्या कारखान्याने अडीअडचणीसाठी राखून ठेवलेले यंत्र खरोखरच कमी चाललेले असू शकते. शंका घ्यावी, पण निर्णय पुराव्यावर करावा.

चौथी साक्ष यंत्राच्या स्मृतीची. नव्या यंत्रांत अधिकृत तंत्रज्ञाकडून नियंत्रक संगणकातील तास वाचता येतात. अनेक यंत्रांवर आता असे उपकरण असते, की ते यंत्राचे ठिकाण व कामाचे तास दूरच्या केंद्राला वेळोवेळी कळविते. फलकावरचा आकडा आणि केंद्रातील नोंद ताडून पाहिली, की बहुधा खरे-खोटे कळते. थोडी फी देऊन जाणत्या तंत्रज्ञाकडून यंत्र तपासून घेण्यात जो कंजूषपणा करतो, तो पुढे तिच्या शंभरपट रक्कम भरतो.

या बाबतीत आपल्या शहराचा जुना इतिहास बोधप्रद आहे. मुघल काळात सुरतेस टांकसाळ होती आणि येथील सराफांची पेढी दूरदूरच्या देशांत नावाजलेली होती. त्या काळी चालू वर्षाच्या ताज्या रुपयास पूर्ण मोल मिळे. मागील वर्षांच्या रुपयास, तो हातोहात फिरून झिजलेला असल्यामुळे, बट्टा लागे. नाण्यावर वर्ष कोरलेले असे आणि सराफ तोलून, परखून त्याचे मोल ठरवी. जुना रुपया बाजारातून हाकलला जात नसे. त्याचे वय सर्वांसमोर मान्य करून त्याप्रमाणे तो चाले. वापरलेल्या यंत्राचेही असेच असावे. ९,५०० तास चाललेले यंत्र विकणे हा मुळीच अपराध नाही. ते तसे सांगून, योग्य बट्टा देऊन विकले, तर घेणाराही दुरुस्तीची तजवीज आधीच करून ठेवतो. वय लपविले म्हणजे मात्र नाण्याचा बट्टा माणसाच्या नावाला लागतो.

मापे खरी ठेवण्याची काळजी राजसत्तेने फार पूर्वीपासून घेतली आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात वजनमापे दर चार महिन्यांनी तपासावीत असे सांगितले आहे. आजही दुकानातील तराजू, पेट्रोलपंप व रिक्षाचे मीटर यांची सरकारी तपासणी होते. फसवणुकीविरुद्ध कायदाही आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या १७ व्या कलमात, खोटी गोष्ट खरी म्हणून सांगणे आणि खरी गोष्ट हेतुपुरस्सर लपविणे, या दोहोंचा कपटात समावेश केलेला आहे. अशा कपटाने झालेला करार फसलेल्या पक्षाला रद्द करवून घेता येतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या ३१८ व्या कलमान्वये, फसवून मालमत्ता द्यावयास लावणाऱ्याला सात वर्षांपर्यंत कारावास व दंड होऊ शकतो. तथापि १९३० च्या मालविक्री कायद्याचे सर्वसाधारण तत्त्व असे आहे, की माल पारखून घेण्याची जबाबदारी घेणाऱ्याची. म्हणून मीटरचा आकडा व ‘हा आकडा खरा आहे’ असे विधान विकणाऱ्याकडून सहीनिशी लिहून घ्यावे. तोंडी बोल वाऱ्यावर जातो. कागद न्यायालयात उभा राहतो.

इतर देशांनीही या चोरीची दखल घेतलेली आहे. अमेरिकेत १९७२ च्या कायद्याने मोटारीचा अंतरमापक मागे फिरविण्यास बंदी घातली. जर्मनीने २००५ साली तो शिक्षेस पात्र गुन्हा ठरविला. बेल्जममध्ये २००६ पासून, मोटार प्रत्येक वेळी दुरुस्तीस गेली की तिचा आकडा एका मध्यवर्ती संस्थेत नोंदविला जातो आणि विक्रीच्या वेळी त्या नोंदींचा दाखला खरेदीदारास द्यावा लागतो. यात दंडापेक्षा नोंदीवर भर आहे, हे विशेष. ज्याची नोंद ठिकठिकाणी झाली आहे, तो आकडा एका खोलीत बसून बदलता येत नाही.

काही व्यापारी म्हणतात, “सगळेच असे करतात, घेणारालाही ते ठाऊक असते, मग नुकसान कोणाचे?” या प्रश्नाचे उत्तर जॉर्ज ॲकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली लिहिलेल्या एका निबंधात सापडते, त्याला २००१ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन त्याने दाखविले, की खरा माल आणि खोटा माल घेणाराला ओळखता येईनासा झाला, म्हणजे तो सर्वच मालाला हलका भाव देऊ लागतो. मग ज्याचा माल खरोखर चांगला आहे त्याला तो भाव परवडत नाही आणि तो बाजारातून निघून जातो. मागे उरतो तो निकृष्ट माल. म्हणजे सगळ्यांनीच मीटर फिरविले, तर ज्याने आपले यंत्र जिवापाड जपले त्याचेच अधिक नुकसान होते. त्याच्या खऱ्या ४,२०० तासांवर कोणीही विश्वास ठेवीत नाही.

यावर उपाय एकच, आणि तो स्वस्त आहे. ज्या घरात यंत्र आहे त्या घरात एक वही असावी. तीत रोज तारीख, सकाळचा व संध्याकाळचा मीटरचा आकडा, डिझेल आणि दुरुस्ती यांची नोंद व्हावी. वडील दिवसभर धुळीत राबून येतात. त्यांना लिहिण्याचा कंटाळा येणे साहजिक आहे. परंतु विद्यार्थी मित्रांनो, दोन ओळी लिहिण्यास तुम्हाला पाच मिनिटे पुरतील. अशा पाच-सहा वर्षांच्या नोंदी असलेली वही हाती घेऊन तुमचे वडील यंत्र विकावयास जातील, तेव्हा त्यांना आपल्या खरेपणाच्या शपथा घ्याव्या लागणार नाहीत. आणि यंत्र विकत घ्यावयास जातील, तेव्हा समोरच्याला कोणता प्रश्न विचारावा हेही त्यांना ठाऊक असेल: “मीटर राहू द्या, शेठ, आधी वही दाखवा.”